मी तबक नव्हे, पर्लचा पाळणा

मला कुणी तबक म्हटलं की माझा पाराच चढतो. मित्रांनो, मी एक जुनी कूलामोन आहे. ऑस्ट्रेलियातल्या मरम्बिजी नदीकाठच्या लाल गमच्या, म्हणजे निलगिरीच्या जातीतल्या झाडाची जाड साल म्हणजे मी. तुमच्याकडच्या काथवटीची लांबची बहीण समजा, पण माझा जन्म काही पीठ मळण्यात गेलेला नाही. माझ्यात तिथल्या मूळच्या विराजुरी लोकांची बाळं निजली आहेत.

आमच्या गावच्या डल्सीमावशीच्या पणजीने मला घडवलं. तिने दगडी कुऱ्हाडीने खोडावर होडीचा आकार कोरला आणि तेवढीच साल अलगद सोडवली. झाड जगलं पाहिजे, हा आमच्याकडचा नियमच आहे. मग विस्तवावर शेकून, आडव्या काड्या लावून तिने मला खोलगट केलं. त्या खोडाला दोन गाठी होत्या, एक मोठी आणि एक लहान. तिथे मला भोकं राहिली होती. ती तिने डिंकाने पक्की बुजवली. इतकी छान साल दोन गाठींपायी कोण सोडणार?

काय दिवस होते ते! सकाळी माझ्यात कंदमुळं, दुपारी बिया आणि संध्याकाळी पोसम नावाच्या झाडावरच्या प्राण्याच्या मऊ कातड्यावर निजलेलं बाळ. मी कमरेशी डुलत असे आणि रडकं बाळसुद्धा गप्प होत असे. मी स्वतःची स्तुती करत नाही, बायकाच तसं म्हणायच्या.

शेवटचं बाळ पर्ल. ती डल्सीच्या आईची धाकटी बहीण. त्या काळी गोऱ्या सरकारची माणसं गाड्या घेऊन यायची आणि आमची लेकरं उचलून न्यायची. त्यांना आपली भाषा आणि आपली माणसं विसरायला लावायची. पर्लला त्यांनी माझ्यातूनच उचललं. मी रिकामी मातीत पडले. कुणीतरी मला उचलून शहरातल्या संग्रहालयाला विकलं. तिथे काचेमागे माझ्याखाली पाटी लागली, ‘तबक. गाव माहीत नाही.’ पर्ल कधीच परत आली नाही. तिची आई शेवटपर्यंत वाटेकडे डोळे लावून होती.

डल्सीमावशी आता पंच्याहत्तरीची आहे. ती नदीकाठच्या बालवाडीत पोरांना आपली भाषा शिकवते, आमचीही पोरं आणि गोऱ्यांचीही. एकदा तिने मला काचेमागे पाहिलं, आजीने सांगितलेला तोच आकार ओळखला आणि तिथेच बसकण मारली. “माझी मावशी परत आली नाही. निदान तिचा पाळणा तरी घरी येऊ दे,” ती म्हणाली.

संग्रहालयाच्या रोवीना बाई मनाने चांगल्या होत्या. पण अशा कूलामोन पुष्कळ गावांत होत्या, मग मी नेमकी इथलीच कशावरून? शेवटी त्या मला एका पेटीत घालून बालवाडीत घेऊन आल्या. खात्री पटली तर मी इथे राहणार होते. नाही पटली तर संध्याकाळी परत शहरात.

“पोरी, ते हातमोजे काढ,” डल्सीमावशी म्हणाली. “हिच्यात दोन पिढ्यांनी शूशू केली आहे. तुझ्या बोटांनी हिला काय होतंय?”

पोरं खिदळली. रोवीना बाई लाजल्या, पण हातमोजे काही काढले नाहीत.

माझी साल जिथून काढली होती, त्या झाडाकडे सगळे निघाले. पर्लच्या आईने डल्सीला लहानपणी ते दाखवलं होतं. तिथे पोचल्यावर पोरांनी रोजच्यासारखे नमस्कार म्हणून जमिनीला हात टेकले. मग रोवीना बाईंनी मला खोडावरच्या जखमेला लावलं.

मी बसेना. जखम माझ्यापेक्षा कितीतरी अरुंद होती.

“हिचं झाड हे नाहीच,” अँगस म्हणाला. सोनेरी केसांचा पोरगा, बोलण्यात फटकळ. टालीशा नावाच्या मुलीने त्याला कोपराने ढोसलं. डल्सीमावशीचा चेहरा उतरला. मला तर वाटलं, ह्या पेटीतच आता जन्म जाणार.

पण मावशी अँगसच्या गुडघ्याकडे बघत राहिली. “हे काय रे?”

“खपली. सायकलवरून पडलो होतो. आधी केवढी मोठी होती, आता एवढीशी उरलीय.”

“लहान कुठून होत गेली?”

“कडेकडेने.” अँगस थबकला. त्याने खोडाकडे पाहिलं. जखमेच्या दोन्ही बाजूंनी सालीच्या जाड कडा आत सरकल्या होत्या. “मावशी, झाडही बरं होतंय!”

“होतंय. शंभर वर्षं झाली, अजून होतंय. आम्ही घाई करत नाही.”

टालीशा फटीत डोकावत होती. “आत गुठळ्या आहेत. एक मोठी, एक छोटी.”

रोवीना बाईंनी वाकून पाहिलं. मग मला उलटसुलट केलं. त्यांनी हातमोजे काढून खिशात टाकले आणि माझ्या डिंकाच्या ठिगळांवरून उघडं बोट फिरवलं. एक मोठं, एक लहान. मला पुन्हा खोडाशी धरलं, तेव्हा प्रत्येक गाठीसमोर तिचं ठिगळ आलं.

“मावशी,” त्या म्हणाल्या. सकाळपासून त्या तिला ‘डल्सीबाई’ म्हणत होत्या. “आमचं चुकलं. ही तुमचीच आहे.”

“मग ती पाटी बदला,” अँगस म्हणाला. “गाव माहीत झालंय ना आता?”

संध्याकाळी पेटी रिकामीच परत गेली. त्याच आठवड्यात टालीशाच्या तान्ह्या भावाला पोसमच्या कातड्यात गुंडाळून माझ्यात ठेवलं. आमच्या रीतीप्रमाणे बाळाच्या स्वागताला गमच्या ओल्या पाल्याचा धूर केला. मला डुलवता डुलवता डल्सीमावशी रडली आणि म्हणाली, “पर्लमावशी, तुझी जागा सांभाळून ठेवली गं.” अँगसने धूर डोळ्यांत गेल्याचं सांगितलं. सांगू दे.

मित्रांनो, अभिमानाने माझी साल फुटायची वेळ आली आहे, पण एक मागणं आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी काचेमागे बसलेलं असेल. नुसती पाटी वाचून पुढे जाऊ नका. ‘हे कुणाचं होतं? ते लोक आता कुठे आहेत?’ असं मोठ्यांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

माझं विचाराल तर मी पर्लची. सध्या माझ्यात टालीशाचा भाऊ निजतो. लाथा फार मारतो.