डोलकाठीच्या टोकावरची जागा

रडारचा पांढरा डबा तीन आठवडे फ्लिप ओबीसच्या स्वयंपाकघरात पडून होता. डबा म्हणजे दहा माणसांच्या भाताचं पातेलं, वर घट्ट झाकण. फ्लिप त्याच्यावर ठेवून पाव कापायचा. शेजारणी त्याला ऊम, म्हणजे काका, म्हणायच्या आणि विचारायच्या, "ऊम फ्लिप, हे होडीवर कधी चढणार?" तो म्हणायचा, "बघू." या एका शब्दावर माणूस अख्खा हंगाम ढकलू शकतो.

पण हंगाम ढकलून भागणार नव्हतं. सोमवारपासून शेवंडांची पकड सुरू होत होती आणि त्याच्या होडीच्या, 'मोरेसन'च्या खलाशांनी त्याला, आपल्या तांडेलाला, तोंडावर सांगितलं होतं, की रडार नाही तर आम्हीही नाही. त्यांचं काय चुकलं? पोर्ट नोलोथच्या समुद्रावर माल्मोकी उतरली, म्हणजे इथलं ते जाड ओलं धुकं, की सुकाणूवरच्या माणसाला नाळेवरचा, होडीच्या पुढच्या टोकावरचा माणूस दिसत नाही. बंदरात शिरायला खडकांच्या रांगेत एकच फट. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जून-जुलैत, मोरेसन दोनदा त्या खडकांना घासता घासता राहिली. दोन्ही वेळा फ्लिपनेच भर माल्मोकीत इंजिन बंद केलं होतं आणि कान देऊन बसला होता.

कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं लेनाने, त्याच्या बायकोने, त्याला वायरलेसवरून घरी आणलं. तो भोंगा वाजवायचा आणि तिचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद करायचा. ती खिडकीशी उभी राहून भोंग्याचा अंदाज घ्यायची आणि सुरू व्हायची. "तू फार डावीकडे गेलायस, म्हाताऱ्या. तू झोपलायस का? वळ."

इकडे मोठ्या माणसाला कोणी 'तू' म्हणत नाही. 'तुम्ही'सुद्धा नाही, नातंच घ्यायचं. ऊम कॉफी घेणार का, ऊमची टोपी कुठे राहिली. पोटची पोरंही 'पप्पा, पप्पा' करतच वाक्य तडीला नेतात. फ्लिपचे आईबाप गेले, थोरला भाऊ गेला, पुढे 'तू' म्हणणारं एकच माणूस उरलं, आणि तेही एप्रिलमध्ये दवाखान्यातून परत आलं नाही. त्यानंतर गावभर मान मिळत होता, पोटभर मिळत होता. पण त्याला कोणीतरी 'तू' म्हणायला हवं होतं. असल्या गोष्टीची भूक लागते, हे त्याला आधी माहीतच नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याची लेक रागेल साल्दान्याहून आली. तिकडे ती मोठ्या बोटींवर हीच यंत्रं बसवते. तिने डबा उचलला आणि झाकणावरचा चुरा झटकला.

"पप्पांनी यावर पाव कापला?"

"घराची सवय लावत होतो त्याला."

ती हसली नाही. पाने, बोल्ट आणि केबलचं वेटोळं घेऊन थेट धक्क्यावर गेली. डाविड सॉल, जुना खलाशी, खाली शिडी धरून उभा राहिला आणि रागेल डोलकाठीवर चढली. टोकाशी वायरलेसचा उंच बारीक दांडा होता. तिने तो हलवून पाहिला.

"पप्पा, हा काढावा लागेल."

"तो नाही काढायचा."

"रडारला टोकाची मोकळी जागा लागते. चारही बाजूंनी दिसलं पाहिजे त्याला."

"खाली बसव कुठेतरी, काठीच्या मागे."

"मग काठीपुढचं दिसणार नाही. आणि पप्पांचे खडक पुढेच असतात."

"मला ठाऊक आहेत ते कुठे असतात."

"गेल्या हिवाळ्यात नव्हते वाटतं," डाविड शिडीशी पुटपुटला. मग त्याने वर पाहून मोठ्याने म्हटलं, "ऊम, दांडा कठड्याला लावला तरी चालेल. नाहीतरी आता त्याच्यावर बोलतंय कोण?"

रागेलने वरून डाविडकडे असं पाहिलं, की शिडी धरलेली नसती तर तो पाण्यात उतरला असता. फ्लिपने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"काढ," तो म्हणाला आणि होडीच्या मागच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला.

पाठ केली तरी कान उघडेच होते. पाना फिरत होता, गंजलेला बोल्ट कुरकुरत होता. लेनाचा प्रत्येक शब्द त्या दांड्यातून उतरला होता. फ्लिपला वाटलं, आपण तिला दुसऱ्यांदा पुरतोय. या वेळी तर दुसऱ्याच्या हाताने. त्याने पाइप पेटवला आणि तो हातातच विझू दिला.

रागेलने काम चोख केलं. डब्याच्या बुडावरची खूण नाळेकडे केली, चार बोल्ट आवळले, केबलला खाली एक झोळ सोडला, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आत शिरणार नाही. लेनाचा दांडा तिने कठड्याला नीट बांधला. दुपारी तिघं होडी बाहेर घेऊन गेली. खडकांच्या टोकाला लोखंडी खांब आहे, त्याच्यावर नाळ रोखून धरायची आणि पडद्यावर तो बरोबर समोर दिसतो का पाहायचं, अशी यात पद्धत. खांब दोन बोटं डावीकडे दिसला.

"तिरळं बघतंय," डाविड म्हणाला आणि दोर घेऊन नाळेवर गेला.

"जुळवते." रागेलने बटणं दाबून खांब रेषेवर आणला आणि मान वर केली, तर खांब नव्हताच. माल्मोकी आली होती. किनारा गेला, नाळ गेली, नाळेवर दोर घेऊन उभा असलेला डाविडही गेला.

फ्लिपने भोंगा वाजवला आणि इंजिन बंद केलं.

त्यात विचार नव्हता. हात चाळीस वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं. तो वायरलेसच्या पेटीपाशी वाकला. आत नुसती खरखर होती.

"पप्पा, इंजिन," रागेल म्हणाली.

तो ऐकत होता, पण तिचं नव्हे.

पडद्यावर खडकांची पिवळी पट्टी सरकत मधल्या ठिपक्याकडे येऊ लागली. खालून लांब लाटा होडीला ढकलत होत्या. "पप्पांनी इंजिन सुरू करावं. लाट आपल्याला खडकांवर नेतेय. पप्पा, पप्पांनी ऐकावं ना." समोर पाणी फुटल्याचा आवाज आला, अगदी जवळ. मग तिच्या तोंडून वाक्य नीट निघालंच नाही.

"तू ऐकतोयस का? चालू कर ते. तू आत्ताच्या आत्ता उजवीकडे वळ."

फ्लिपचा हात डोक्याच्या आधी हलला. इंजिन खोकून पेटलं, सुकाणू फिरलं. डावीकडून पांढरा फेस होडीला चाटून गेला.

"अजून वळ. आता बास, सरळ घे. तू वेग वाढवू नकोस. थोडं डावीकडे, तू फार बाहेर जातोयस." तिचे डोळे पडद्याला चिकटले होते. 'पप्पा' म्हणायला लागतो तेवढाही वेळ तिच्याकडे नव्हता. फ्लिप तिने सांगितल्याबरहुकूम सुकाणू फिरवत होता. भीती त्यालाही वाटत होती, पण भीतीच्या खाली एक मोठं सुख होतं आणि त्याची त्याला लाजही वाटली. एवढ्या वर्षांत ती फट पहिल्यांदाच त्याला फार लवकर संपल्यासारखी वाटली.

होडी धक्क्याला लागली. डाविडने दोर बांधला आणि तो कोणाकडे न बघता निघून गेला. लेकीने बापाला 'तू' म्हटलेलं त्याने ऐकलं होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत ते गावाला कळणार होतं.

रागेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पप्पांनी माफ करावं. घाबरले, तोंडातून गेलं."

फ्लिप सुकाणू धरूनच होता.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"मघाचं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिने तोंड उघडलं, एकदा, पुन्हा एकदा. छत्तीस वर्षांची सवय जिभेवर आडवी बसली होती.

"पप्पा," एवढंच निघालं. "नाही येत, पप्पा."

"राहू दे." त्याने पेटीची खरखर बंद केली. "सोमवारी थांबशील? आमच्याबरोबर ये."

"आता पप्पांना माझी काय गरज? रडार सगळं दाखवेल."

"दाखवेल," फ्लिप म्हणाला. "बोलणार नाही ना."