विहिरीचा पीळ

बोरगावच्या आमच्या विहिरीत रचना पोहायला उतरली की बेडकं सामान आवरून शेजारच्या मळ्यात जायची. ती केस पुसून घरी गेली तरी पाणी तासभर गरगरत राहायचं, आणि एकदा तर त्या फिरत्या पाण्यानं वीज नसताना मोटर चालू झाली. खोटं वाटलं तर मारुतीरावला, म्हणजे तिच्या बापाला विचारा. तो माझा पुतण्या आहे आणि मी सांगेन तेच सांगतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या भावकीत पोर सहा वर्षांचं झालं की पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. विहीर गोल, दगडी. एका वेळी दहाबारा डोकी पाण्यात, मग टक्कर नको म्हणून चार पिढ्यांचा एक कायदा: सगळ्यांनी देवळातल्या प्रदक्षिणेसारखं एकाच बाजूनं फिरायचं. भिंत डाव्या हाताला, मधला मोटरीचा पाइप उजव्या हाताला. उलटं फिरेल त्याला वर काढायचं, कारण उलटी फेरी माणूस चितेभोवतीच घालतो.

रचना असं दहा वर्षं फिरली. निपाणीच्या शाळेकडून स्पर्धेत उतरली तेव्हा खासबागच्या सुहास सरांनी तिला हेरलं आणि बेळगावच्या पोहण्याच्या तलावावर शिकवायला घेतलं. दर आदित्यवारी पोरगी बसनं जायची. वेग असा, की सरांचं घड्याळ लाजायचं. पण दर फेरीत ती उजवीकडं कलायची. पहिल्याच मोठ्या शर्यतीत लेनच्या दोरीखालून घुसली आणि सगळ्यांच्या आधी पोहोचली, पण शेजारणीच्या लेनमध्ये. बाद. दुसऱ्या शर्यतीतही तेच.

"मी सरळच जात हुते, सर," ती म्हणाली. "तलावच वाकडा हाय."

सरांनी शांतपणे सांगितलं, की एप्रिलमध्ये राज्याच्या संघाची निवड आहे. पुन्हा लेन सोडलीस तर पुढं तुझं नाव मी पाठवणार नाही, दुसरीला संधी देईन. रचना घरी आली. दोन दिवस विहिरीकडं फिरकली नाही. बेडकं परत आली, यावरून काय ते समजा.

माझा जन्म दोर वळण्यात गेला. नवा दोर टांगला की आपोआप फिरतो, तो त्याच्यातला पीळ. मी मारुतीरावला म्हटलं, पोरीला विहिरीचा पीळ बसलाय. उलट्या फेऱ्या घालून सोडवायला पाहिजे. हे बाळाबाई वहिनींनी ऐकलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, रचनाची आजी आणि विहिरीची सरन्यायाधीश.

"माझ्या नातीला जित्तेपणी चितेची फेरी?" त्या म्हणाल्या. "भावजी, तुमी पाण्याभाईर र्‍हावा."

रचना चुलीपाशी बसली होती. ती हातातली भाकरी तशीच ताटात ठेवून उठली. वहिनींनी ती भाकरी बघितली.

दुसऱ्या दिवशी वहिनी नारळ आणि हळदकुंकू घेऊन विहिरीवर आल्या. साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी, आमच्याकडं सात दगडांच्या रूपानं विहिरीच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसल्यात. असली गोष्ट कानावर आली म्हणून वहिनींना त्यांची माफी मागायची होती. मी मागं, रचना माझ्या मागं. नारळ फोडायला हात उचलला आणि तिथंच त्यांचा हात थांबला.

"भावजी, आसरा कुटं हाईत?"

"कोनाड्यात."

"कोनाडा?"

"भिंतीत."

"आनि मधी काय हाय?"

"मोटरीचा पाइप."

वहिनी पायरीवर मटकन बसल्या. "म्हंजे चार पिढ्या आमी पाइपाला परदक्षिणा घालतोय, आनि देवीला डावा हात दाखवतोय."

नारळ फुटला तो चार पिढ्यांच्या माफीचा. त्याच सकाळी रचना भिंत उजव्या हाताला ठेवून पाण्यात उतरली.

पहिले तीन दिवस पाणी ऐकेना. इतक्या वर्षांची त्याची सवय; त्यानं असा ताकासारखा फेस काढला, की रचनाची आई दिपाली घागर घेऊन लोणी येतंय का बघून गेली. मासे चक्कर येऊन पायऱ्यांवर बसायचे. भिंतीच्या कपारी धारदार, वर शेवाळ. रचनाचा उजवा खांदा दोनदा सोलला. मग ती भिंतीपासून बरोबर वीतभर अंतर राखायला शिकली. चाळीस दिवसांनी डोळे मिटून फिरली तरी दगडाला नुसतं पाणी लागायचं, खांदा नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. दोराचा पीळ जास्त सोडला तर तो उलटा चढतो. किती फेऱ्या पुरे, हे मला ठाऊक नव्हतं.

निवडीच्या दिवशी आठशे मीटर, सोळा फेऱ्या. दहा फेऱ्या रचना ओळंब्यासारखी सरळ गेली आणि सगळ्यांच्या पुढं होती. अकराव्या फेरीत ती डावीकडं कलायला लागली. उलटा पीळ! मी प्रेक्षकांच्या गॅलरीचा कठडा धरला. तिचा डावा हात दोरीला घासला. सुहास सर खाली बसले. वहिनींनी पदराआड हात जोडले.

आणि मग पोरगी सरकली. मधोमध नाही, थेट उजव्या दोरीकडं, आणि वीतभर अंतरावर थांबली. त्या दोरीवर जणू शेवाळ होतं, कपारी होत्या. उरलेल्या फेऱ्या ती उजव्या दोरीच्या कडेनं गेली. प्रत्येक वळणानंतर नवी उजवी दोरी, तेच वीतभर अंतर. दोरीला बोट लागलं नाही. दुसरी मुलगी पोहोचली तेव्हा रचना चष्मा कपाळावर चढवून गर्दीत आम्हाला शोधत होती.

सरांनी तिला हात देऊन वर काढलं. त्यांनी विचारलं, "मध्ये एवढी जागा असताना कडेनं का आलीस?"

"कडंनं न्हाय, सर," रचना म्हणाली. "आसरा उजव्या हाताला ठिवून आले."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. समजलं किती, देव जाणे.

पुढच्याच वर्षी तिनं राष्ट्रीय सुवर्णपदक आणलं. वहिनींनी ते पहिल्या दगडाच्या गळ्यात घातलं आणि नातीला सांगितलं, की आता बाकीच्या सहा जणी रुसतील. रचनानं कुणालाच रुसू दिलं नाही. पाच वर्षांत सातही दगड सोन्याचे झाले.

आठवं पदक आलं गेल्या महिन्यात. कोनाड्यात दगड उरला नव्हता, म्हणून रचनानं ते माझ्या गळ्यात घातलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पदक मिळालेला माणूस काठावर बसतो का? मी तसाच पाण्यात उडी टाकली आणि जुन्या सवयीनं ऐटीत फिरायला लागलो. चौथ्या हाताला माझं कपाळ भावकीतल्या शामूच्या पोराच्या कपाळावर आपटलं. तो रडला, मी नाही रडलो.

वहिनी वरून बघत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "भिंत उजव्या हाताला."

मी वळलो.