निम्मे मीठ आणि चिमूटभर मी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. उंची वीतभरही नाही, झाकण पत्र्याचे आणि त्याला बारीक भोके. माझ्या पोटात पदार्थाची चव वाढवणारी एक पांढरी पूड आहे. तिचे नाव काढले की लोक तोंड वाकडे करतात, आणि तीच तोंडे हॉटेलात ती मिटक्या मारत खातात. मी चिडून बोलते आहे असे वाटले तर वाटू द्या. ज्या स्वयंपाकघरात मी आहे, तिथे आता चूल पेटत नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून लालबुंद निघाले, साच्यात पडले आणि आकाराला आले. पहिली काही वर्षे मी एका खाणावळीच्या टेबलावर मिरपूड घेऊन बसले. खाणावळ बंद पडली तेव्हा मोडीत निघणार होते, पण कुलपे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या बायकोने मला उचलून घरी नेले. त्या माणसाला सगळी गल्ली चावीवाले म्हणे आणि तिला चावीवाल्या काकू.

चावीवाले दुपारी दुकानाचे दार ओढून जेवायला येत. साबणाने कितीही घासले तरी नखांतला लोखंडाचा कीस जात नसे. पहिला घास घेतला की ते म्हणत, "हिच्या हाताला चव आहे." रोज हेच. काकू ऐकले न ऐकलेसे करत आणि आणखी एक पळी वाढत. लग्नापासून त्या बाईला दुसरे कुठले कौतुक मिळालेले मी पाहिले नाही, आणि तिला ते लागतही नव्हते.

मग चावीवाल्यांचे हृदय थकले. पाय सुजू लागले. डॉक्टरांनी मीठ निम्मे करायला सांगितले, काकूंनी ते केले आणि चावीवाल्यांनी ताट सरकवले.

"आजारी मी आहे. भाजीला कशाला आजारी पाडतेस?"

दोन घास खाऊन ते उठू लागले. सदरा अंगावर लोंबू लागला. ते जेवत नाहीत म्हणून काकूंच्याही घशाखाली घास उतरेना. शेवटी एका सकाळी त्यांनी ओट्यावरूनच डॉक्टरांना फोन लावला. मी तेव्हा रिकामी होते, धुऊन पालथी ठेवलेली. सगळे बोलणे मी ऐकले.

"चव येण्यासाठी हॉटेलातली ती पांढरी पूड घातली तर चालेल का हो? लोक काहीबाही बोलतात तिच्याबद्दल."

"घाला की, पण चिमूटभरच," डॉक्टर म्हणाले. "पिकल्या टोमॅटोत, मशरूममध्ये असते तीच ही चव. फक्त हिच्यातही सोडियम आहे. मिठापेक्षा कमी, पण आहे. म्हणून मीठ निम्मंच ठेवायचं. कुणाकुणाचं डोकं जड होतं म्हणतात. तसं काही वाटलं तर बंद करा आणि मला कळवा."

त्या दिवशी माझ्यात ही पूड आली. दुपारी चावीवाल्यांनी घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. "आली बघ तुझ्या हाताची चव परत," ते म्हणाले. काकू पाठ करून भांडी विसळत राहिल्या. डोळे पुसायला हात कोरडे नव्हते.

त्यांनी नवऱ्याला सांगितले नाही. "हॉटेलातली पूड म्हटलं तर शिवणार नाहीत," त्या माझे झाकण लावताना पुटपुटल्या. "जरा बरे झाले की सांगेन." चावीवाले खरेच सावरले. ताट चाटूनपुसून साफ होऊ लागले. सांगणे मात्र लांबत गेले. मग एक दिवस काकू भाजी आणायला बाहेर पडल्या, रस्त्यातच गेल्या आणि त्यांना घरी आणावे लागले. चालत त्या आल्याच नाहीत.

थोरली मुलगी रजा टाकून वडिलांजवळ राहायला आली. मनाची चांगली, वडिलांवर जीव टाकणारी. कपाट आवरताना मी तिला सापडले. तिने पूड जिभेला लावली आणि तिचा चेहरा बदलला. ही पूड म्हणजे विष, असे तिच्या फोनवर कितीदा तरी आले होते. ती मला घेऊन तडक वडिलांपुढे उभी राहिली.

"बाबा, आई हे घालायची तुमच्या जेवणात? तरीच पाय सुजत होते."

चावीवाल्यांनी मला पहिल्यांदाच हातात घेतले. बिघडलेल्या कुलपासारखे उलटसुलट करून पाहिले.

"मला कधी बोलली नाही ती."

"कशी बोलेल?"

त्यांनी झाकणाच्या भोकांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "म्हणजे ती चव तिच्या हाताची नव्हतीच." आणि त्यांनी मला परत दिले.

मित्रांनो, पाय सुजले ते मी घरात येण्याआधी. पण हे सांगणार कोण? मला झाकण आहे, तोंड नाही. मुलीने मला उचलून कपाटाच्या माथ्यावर टाकले.

तिथून मी सगळे पाहिले. काकूंची खुर्ची टेबलाशी असे. सुजलेल्या पायांनी चावीवाल्यांनी ती एक दिवस स्वतः ओढत बाहेर नेली. ते पुन्हा जेवेनासे झाले. मुलगी बिचारी हातात मीठ घेई. "मीठ काय, घरचंच तर आहे," म्हणे, आणि रश्श्यात आणखी घाली. तयार सुपाची पाकिटे आणून तिने माझ्याशेजारीच रचली. त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत माझ्याच पुडीचे नाव होते, आणि मीठ तर भरपूर. चावीवाल्यांच्या पायांत चपला शिरेनात. मग श्वास पुरेना. त्यांना दवाखान्यात नेले ते परत आले नाहीत.

काही दिवसांनी मुलगी शेजारच्या शिंपीणबाईंबरोबर आत आली. स्टुलावर चढून तिने मला खाली काढले आणि टेबलावर ठेवून बघत बसली.

"बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दारातच विचारलं," ती म्हणाली. "निम्मं मीठ आणि ती चिमूट चालू आहे ना? आईनं त्यांना विचारून घातलं होतं, मावशी. बाबांनी जेवावं म्हणून."

"मग बाबांना सांगितलंस ना?"

"कानाशी तोंड नेऊन सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. ते ऐकायच्या पलीकडे गेले होते."

शिंपीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, मला वापराच असे मी म्हणत नाही. वापरायची तर चिमूटभर वापरा, आणि मनात शंका आली तर ज्याला त्यातले कळते त्याला विचारा. एक फोन पुरतो. आणि ज्याच्या ताटात वाढता, त्याला सांगून वाढा. मी नाही, तर उद्या माझ्यासारखी दुसरी बाटली घरोघर असेल. पण या घरात आता कोणाला सांगायचे? चावीवाले गेले ते बायकोने आपल्याला फसवले असे मनात धरून गेले, आणि ते आता कोणीही त्यांच्या मनातून काढू शकत नाही.