खवल्यांचं श्रेय

माझी आत्या आजोबांचं औषधांचं दुकान चालवते. मुळ्या, साली, चूर्णं. बाळंतिणीला दूध उतरत नसलं की सगळा बाजार तिच्याकडे बोट दाखवतो. त्यामुळे मला मुलगी झाली आणि दूध येईना, तेव्हा सासूबाई निर्धास्त होत्या. घरचीच वैद्य, मग काळजी कसली! मी मात्र रडकुंडीला आले होते. पोर भुकेनं लालबुंद व्हायची आणि तिचं वजन उतरत चाललं होतं.

आत्या आली तशी सासूबाईंनी सरळ खवल्यांची भुकटी मागितली. खवले मांजराचे खवले कुटून दिले की दूध उतरतं, हे त्या स्वतःच्या बाळंतपणापासून ऐकत आलेल्या. आजोबा द्यायचे, हेही खरं. त्यांच्या वेळची बरणी अजून दुकानात आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्या नाही म्हणाली.

"खवले म्हणजे नखंच हो, विहीणबाई. माझी कापून देऊ का?"

कुणाला हसू आलं नाही. मी तर चिडलेच. तो प्राणी केव्हाच मेलाय, पोर माझी उपाशी आहे, चिमूटभर दिलीस तर तुझं काय जातंय, असं मी तिला तोंडावर विचारलं.

ती माझ्याजवळ पलंगावर बसली. "दूध तुला येणार आहे, मला दिसतंय. पण खवले दिले की नाव खवल्यांचं होईल. तू मैत्रिणीला सांगशील, ती जावेला सांगेल. बरणी संपली की रानात जी थोडीफार खवले मांजरं उरलीत, त्यांच्यामागे माणसं लागतील. ते बिचारं घाबरलं की अंगाचा चेंडू करून बसतं गं. उचलायचं आणि पोत्यात टाकायचं."

मग तिनं पदर खोचला. तोवर वरच्या दुधाची बाटली द्यायला लावली. उपाशी पोर ओढणार कशानं, म्हणाली. बघायला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावलं. सासूबाईंना लंगोटांच्या बादलीपाशी बसवलं, आणि त्या बसल्या, हेच मला मोठं नवल. पोरीला माझ्या उघड्या छातीवर निजवलं, तिला तोंड मोठं उघडून स्तन धरायला शिकवलं, मला गरम फडक्यानं शेकलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी रडायला लागले की मला झोपवायची. दुकान बंद ठेवून ती आमच्याकडेच राहिली. एका दुपारी माझा गाऊन पुढून भिजला आणि मी वेड्यासारखी हसत सुटले.

सासूबाईंनी मात्र घरोघर सांगितलं, विहीणबाईंनी गुपचूप खवले दिलेच असणार. दुकानासमोर रांग लागली. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि बरणी सगळ्यांदेखत वनखात्याच्या माणसाच्या हवाली केली. तर लोक म्हणाले, आत दुसरी असेल. तिच्या जागी मी असते तर गप्प बसून नाव मिरवलं असतं.

तिनं दुधासाठीची सगळीच औषधं विकणं बंद केलं, साध्या मुळ्यासुद्धा. बाळंतिणीकडे जाताना आता पिशवीही नेत नाही. परवा शेजारच्या घरी मीच तिला घेऊन गेले. तिथल्या आजींनी दारातच विचारलं, औषध काय आणलंत? आत्यानं दोन्ही हात पुढे केले, उलटे करूनही दाखवले. मग आत जाऊन ते साबणानं धुतले आणि बाळंतिणीच्या उशाशी बसली.