पहिल्या पानावरचं नाव

धाकट्या भावाच्या शिवणकामाच्या दुकानात लेकीला घेऊन जायचं म्हणजे ताईच्या जिवाला घोर. जमिनीवर बटणं, टेबलावर कात्री, आणि पोर दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात. पण आज जाणं भागच होतं. तिचं पहिलं पुस्तक उद्या छापायला जाणार होतं. कॉलेजातल्या दोन मुलग्यांच्या एकमेकांवरच्या प्रेमाची, तरुण वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी. पहिल्या पानावर तिनं धाकट्याचं नाव घातलं होतं, कारण आपल्याला मुलगे आवडतात हे त्यानं घरात सगळ्यांत आधी तिलाच सांगितलं होतं. दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे मात्र त्यानं आजवर अवाक्षर काढलं नव्हतं.

"वाचलंस?"

धाकट्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "वाचलं. ताई, माझं नाव काढ त्यावरून."

"का रे? संपादकबाई तर म्हणाल्या, मुली वेड्या होतील वाचून."

"होतीलच की! पोरांच्या पापण्या लांब, बोटं लांब, उसासे त्याहून लांब. दोनशे पानांत एकालाही साधी शिंक आली नाही."

तिला हसू आलं आणि रागही. "मी मायेनं लिहिलंय."

"माहितीये. म्हणून तर लागलं." त्यानं काचेतल्या पुतळ्याकडे बोट केलं. "याला कुठलाही शर्ट घाल, झकास बसतो. कारण हा हात वर करत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला कच्च्या शिलाईवर बोलावतो. बसा म्हणतो, वाका म्हणतो. काखेत ओढतंय का, ते तेव्हा कळतं. तुझी पोरं एकदाही वाकली नाहीत गं. उभी आहेत आपली काचेत, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून."

मग त्यानं दुमडून ठेवलेलं एक पान उघडलं. "आणि हे. आपल्या स्वयंपाकघरातलं. 'आसवांनी त्याचा चेहरा अधिकच देखणा दिसत होता.' देखणा? ताई, मी सिंकमध्ये ओकलो होतो!"

त्यानं तिला ते सांगितलं, तो दिवस तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. एका हातानं ती त्याची पाठ चोळत होती, दुसऱ्यानं तुंबलेलं सिंक मोकळं करत होती. "मेल्या, न्हाणीघर काय पळून गेलं होतं?" असं ओरडलीही होती. त्यावर तो नाक पुसत पुसत हसला होता आणि चार उकडलेली अंडी खाऊन शांत झोपला होता. त्यातलं एक अक्षर पुस्तकात नव्हतं. लेकीच्या मुठीतला कण न् कण तपासणारी ती, आणि सख्ख्या भावाला बघायचंच राहिलं होतं.

तिनं तिथूनच संपादकबाईंना फोन लावला. आठ दिवस मागितले.

"अहो, ते रडण्याचं पान तर जाहिरातीत घेणार होतो!"

ताई म्हणाली, "त्या पानात बघण्यासारखं पुष्कळ आहे, माणूस नाही. जमत नसेल तर पुस्तक परत द्या."

पलीकडून उत्तर आलं, "आठच दिवस हं. नववा मिळायचा नाही."

लेक झोपली की ती लिहायला बसायची. लेक जागी झाली की अर्धं वाक्य तसंच. एक पोरगा घोरायला लागला. दुसरा मागून आणलेला सायकलचा पंप परत देईना, त्यावरून दोघं तीन पानं भांडले. उसासे बरेच गेले. सिंक आलं, अंडी आली.

आठव्या दिवशी ती नवी पानं घेऊन दुकानात शिरली तेव्हा एक निवृत्त मास्तर हात वर करून उभे होते आणि धाकटा त्यांच्या कोटाच्या काखेत टाचण्या लावत होता. ती दारातच थबकली.

"वाच ना," धाकटा टाचण्यांआडून म्हणाला.

"आत्ता?" तिनं डोळ्यांनी मास्तरांकडे खूण केली.

"आत्ताच. मोठ्यानं."

लेकीला कडेवर घेऊन तिनं स्वयंपाकघराचं पान वाचलं. पाठ चोळणं, ओरडणं, सगळं. न्हाणीघराच्या वाक्याला मास्तर खुदकन हसले आणि एक टाचणी निसटली.

"झकास! कोणी लिहिलंय हो?"

धाकट्यानं तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या.

"आमच्या ताईनं," तो म्हणाला. त्याची मान ताठ झाली होती. "आणि मास्तर, तो ओकणारा मुलगा मी. ज्याला मुलगे आवडतात, तोही मीच."

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं, मग तिच्याकडे. "चार अंडी? उलटीनंतर?"

"चार."

"पचली?"

"पचली."

"बरं. हात खाली घेऊ का आता? भरून आलेत."

धाकटा हसला. वाकून पडलेली टाचणी उचलता उचलता, ताईकडे न बघताच म्हणाला, "पहिल्या पानावर नाव घाल माझं. आडनावासकट."