बरुआसागरचा बेत आणि तिळाचे तेल

मी एक जुनी गिअरची सायकल आहे. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक सांगून ठेवते. माझी चेन ढिली आहे. चढावर जोर लावला की ती खट् करून उतरते. माझे बोलणेही तसेच आहे, मध्येच तुटते. तुटले की घाबरू नका. पेडल थोडे मागे फिरवायचे, चेन पुन्हा दातांवर बसते आणि गोष्ट पुढे निघते.

माझा जन्म लुधियानाचा. तिथे एका कारखान्यात मला निळा रंग दिला, जाड खाचांचे टायर चढवले आणि हँडलखाली धक्के पिणारे शॉकर बसवले. डोंगरात जाण्यासाठी केलेली सायकल मी, पण आले कुठे, तर झाशीच्या सदर बाजारात. दुकानाच्या छताला उलटी टांगलेली होते. तिथून मला खाली उतरवले सुजयने. तो तेव्हा रेल्वेत नुकताच लागला होता. मालगाडी यार्डात थांबली की हातोडी घेऊन एकेका डब्याखाली वाकायचे, चाके आणि ब्रेक बघायचे आणि मगच गाडी पुढे सोडायची, हे त्याचे काम. मी त्याला रोज कॉलनीतून यार्डात नेत असे. रुळांच्या कडेची खडी इतर सायकलींना टोचायची, मला गुदगुल्या व्हायच्या. यार्डातले लोक माझ्याभोवती जमायचे.

"सुजय भैया, जा साइकिल आय कै ऊँट?"

"ऊँट ही समझो. पानी भी कम पीती है."

सगळे हसायचे आणि मग प्रत्येक जण एकेक चक्कर मारून बघायचा. ते माझे कौतुकाचे दिवस होते. मला वाटायचे की ते असेच

खट्.

मोटरसायकल आली. मला व्हरांड्यात गॅसच्या सिलिंडरमागे उभे केले. हँडलवर ओले टॉवेल पडू लागले, कधी मेथीच्या जुड्यांची पिशवी. माझ्या टायरमधली हवा कुणी काढली नाही, ती आपली आपणच निघून गेली. सुजयचे लग्न झाले, दीप्ती घरात आली, मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली. त्या मुलीची बकुळ आत्याही इथेच राहते. ती सुजयची मोठी बहीण. या सगळ्यांची ये-जा मी टॉवेलाखालून ऐकली. बघायला मिळाली नाही.

मग एका सकाळी टॉवेल बाजूला झाला आणि त्याच मुलीचा, आता नववीतल्या मयुराचा चेहरा दिसला.

"बाबा! ये तो असली माउंटन बाइक है!"

बेत तिथेच शिजला, माझ्या शेजारी, फरशीवर. मयुरा आणि तिच्या वर्गातल्या दोघी फोनवर नकाशा मोठा करून बसल्या. दिवाळीच्या सुट्टीत बरुआसागरच्या तलावाकाठी सायकलने फिरायचे. छोट्या टेम्पोत सायकली टाकून गावापर्यंत जायचे. तिथून बांधावरून किल्ल्याच्या पायथ्याशी, मग आल्याच्या शेतांमधून पाण्याच्या कडेकडेने पलीकडच्या टेकडीपर्यंत. पंप कुणाकडे, जादा ट्यूब कुणाकडे, पुऱ्या कुठल्या झाडाखाली खायच्या, यावर भांडणे झाली. मला तर त्या नकाशावरच्या निळ्या ठिपक्याचाच गार वारा लागू लागला.

"तिघी पोरी एकट्या, पाण्याच्या काठाने?" दीप्ती म्हणाली. "नाही म्हणजे नाही."

मयुराने बाबांकडे पाहिले. सुजय माझ्याकडे बघत होता.

"आधी माझ्याबरोबर एक फेरी," तो म्हणाला. "दसऱ्याला. त्याच वाटेने. तू आणि सायकल, दोघी पास झालात तर दिवाळीत खुशाल जा. नाही झालात तर बेत रद्द, आणि ही कबाडीकडे."

"पक्का, बाबा?"

"पक्का."

"दसऱ्याला सीमोल्लंघन करायचंच असतं," स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली. "आपले वडील आबासाहेब होते तेव्हा आपण वेशीबाहेरच्या शमीपर्यंत तरी जायचो. आता तुम्ही सीमा म्हणजे गेटपलीकडची पानाची टपरी समजता."

अशी माझी परीक्षा ठरली. सुजयने मला नव्या ट्यूब घातल्या, तारा बदलल्या, ब्रेकचे रबर नवे बसवले. ते रबर चाकाच्या कड्याला दोन्हीकडून चिमटीत धरतात, तेव्हा मी थांबते. एवढे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मग नवमी उजाडली. झाशीत आमच्या आजूबाजूला त्या दिवशी कन्यांना जेवायला घालतात. आमच्या घरात शिवाय खंडेनवमीही असते, हत्यारांची पूजा. आत्याने पाटावर सगळे मांडले. विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री, सुजयची घरची हातोडी आणि नट आवळायचे पाने. या घराची जुनी रीत अशी की पूजेआधी प्रत्येक हत्यार पुसून त्याला तिळाच्या तेलाचा हात द्यायचा, म्हणजे ते वर्षभर गंजत नाही. विळीला दिला, कात्रीला दिला. मग आत्या माझ्याकडे वळली.

"तू पण या घरचीच," ती म्हणाली.

मित्रांनो, किती वर्षांनी मला कुणी इतक्या मायेने पुसत होते! दांडा चमकला, हँडल चमकले. मग तिने फडके पुन्हा तेलात बुडवले आणि माझ्या चाकांची कडी पुसायला घेतली. दोन्ही बाजूंनी, गोल गोल, एक बोटभर जागा सुटू दिली नाही. जिथे रबर धरतात नेमके तिथे. मला ओरडायचे होते. पण वस्तूला तोंड नसते. मग हळद-कुंकू आले, झेंडूची माळ आली.

संध्याकाळी ड्यूटीवरून आलेला सुजय पाना घेऊन माझ्यापाशी आला.

"हात लावू नकोस!" आत्या. "पूजेतलं हत्यार नवमीला हलवायचं नाही."

"अगं ताई, नुसता ब्रेक दाबून बघतो."

"उद्या बघ. वर्षातून एक दिवस यार्डाशिवाय राहा की."

तो हसला आणि पाना ठेवून आत गेला. सकाळी टेम्पोवाला गल्लीत उभा राहून हॉर्न वाजवत होता. आत्याने घाईघाईने माझी माळ काढली, आणि मला उचलून थेट टेम्पोत

खट्.

बरुआसागर. काय सांगू! पावसाने भरलेला तलाव, दगडी पायऱ्यांना चुबुक चुबुक लागणारे पाणी, त्यात शिंगाडे तोडणाऱ्या होड्या, वर किल्ला. सुजय शेजाऱ्याची सायकल घेऊन पुढे होता, मी आणि मयुरा मागे. बांधावरची वाट सपाट होती, ब्रेक दाबायची वेळच आली नाही. माझे जाड टायर मातीत कुरकुर आवाज करत होते आणि मला वाटले, याच कामासाठी त्या कारखान्यात कुणीतरी मला घडवले असणार.

मग वाट शेतांकडे उतरू लागली.

"इथून हळू," सुजय पुढून ओरडला. "हलके हलके दाब."

मयुराने दाबले. रबरांनी कडी धरली आणि ती त्यांच्या चिमटीतून निसटली, ओल्या साबणासारखी. तिने पुन्हा दाबले, जोर लावून. चाके तशीच फिरत राहिली. समोर अरुंद वाट आणि वाटेत बाबा.

"बाबा, हटो! ब्रेक नहीं लग रहा!"

तो बाजूला व्हायच्या आत तिने हँडल वळवले आणि आम्ही दोघी आल्याच्या शेतात घुसलो. मऊ सऱ्या होत्या. एक ओलांडली, दुसरी ओलांडली, तिसरीत मी आडवी झाले. सगळीकडे आल्याचा वास दरवळला.

शेताची मालकीण झोपडीतून मयुराकडे धावत आली. इकडे मुलीला बिन्नू म्हणतात. "बिन्नू, लगी तो नईं?"

गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. सुजयने आधी गुडघा पाहिला, मग मला उभी केली. कड्यावरून बोट फिरवले. बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

"तिळाचं तेल."

मयुराला एका क्षणात सगळे समजले. "आत्याला नका सांगू," ती म्हणाली. "प्लीज. उनको बहुत बुरा लगेगा."

त्याने खिशातून खडू काढला आणि माझ्या दांड्यावर लिहिले: सिक. म्हणजे आजारी.

"मतलब फेल?" मयुराने विचारले. "दिवाळीचं रद्द? हिला कबाडीकडे देणार?"

"यार्डात डब्यावर मी हे लिहितो तेव्हा तो भंगारात जातो का? बाजूच्या लाईनीवर जातो. दुरुस्त होतो. मग परत गाडीला लागतो."

"और मैं?"

"ब्रेक लागत नाही कळल्यावर तू काय केलंस?"

"आपको बचाया. फिर अदरक में घुस गई."

त्याला हसू आले, पण ते टिकले नाही. "एक डबा न बघता सोडत नाही मी," तो पुटपुटला. "आणि तुला..." पुढचे वाक्य त्याच्याकडूनही तुटले. मालकिणीकडे वळून त्याने विचारले, "अम्मा, चूल्हे की राख मिलेगी?"

"राख काय खों चानें?" राख कशाला हवी, असे तिने नवलाने विचारले.

राख मिळाली, एक साबणाचा तुकडाही मिळाला. बापलेक झोपडीसमोर बसून माझी चाके घासू लागले. राख तेल पिते. पिऊन काळी झाली की पुसायची आणि नवी लावायची. रबर काढून खरबरीत दगडावर घासले, तेव्हा वरचा गुळगुळीत थर निघाला.

"ल्यो, चका खों बासन घाईं मांज रए!" चाके भांड्यांसारखी घासली जाताना पाहून अम्मा तोंडाला पदर लावून हसत म्हणाली. मयुराही हसली.

पुन्हा सगळे जोडून झाल्यावर सुजय म्हणाला, "आता तू ठरव. उतारावरून चालवत आणायची की हातात धरून. दोन्ही चालेल. रागावणार नाही."

मयुरा मला ढकलत वर घेऊन गेली. वर पोचल्यावर तिच्या तळव्यांचा घाम मला हँडलवर जाणवला. मग ती बसली. उतार सुरू झाला. अर्ध्यावर तिने ब्रेक दाबले, आधी मागचा, मग हलकेच पुढचा. माझी रबरे किंचाळली, पण त्यांनी धरले. खाली बाबांच्या पुढ्यात मी उभी राहिले, अगदी शांत.

सुजयने अंगठ्याने दांड्यावरचा शब्द पुसला आणि लिहिले: फिट. मग आम्ही पाण्याच्या कडेकडेने टेकडीपर्यंत गेलो.

घरी आल्यावर त्याने बहिणीला सगळे सांगितले. लपवले नाही, आवाजही चढवला नाही. आत्या मटकन खुर्चीत बसली.

"मेल्या, ब्रेकला तेल चालत नाही हे नवमीलाच का नाही बोललास?"

"तू हात लावू दिलास?"

दीप्तीने मयुराच्या गुडघ्याला हळद लावली, व्हरांड्यात येऊन माझ्या दांड्यावरचा खडूचा शब्द वाचला आणि नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे जाणार तर या दिवाळीत." नको म्हणाली नाही. आत्या मात्र न जेवताच व्हरांड्यात आली. तिने मयुराला हाक मारली.

"दाखव मला. हिला तेल कुठे लागतं, आणि कुठे नाही."

मयुराने आत्याचे बोट धरून आधी चेनवर ठेवले, मग कड्यावर. "इथे हो. इथे कधीच नाही."

दिवाळीनंतरच्या सकाळी तिघी मैत्रिणी फाटकाशी जमल्या. आत्या बाहेर आली. तिच्या एका हातात दह्याची वाटी होती. दुसऱ्या हाताने तिने माझे पुढचे ब्रेक दाबले आणि मला ढकलून पाहिले. मी हलले नाही. मागचे दाबले. हलले नाही. मग उरलेल्या दोन्ही सायकलींचे. हे सगळे झाल्यावर तिने मयुराच्या तळहातावर दही घातले आणि म्हणाली, "ये."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी असेल. शिलाई मशीन, पंखा, जुने घड्याळ. त्याला टॉवेलाखाली झाकून ठेवू नका. पुसा, चमकवा, आम्हालाही ते आवडते. पण आम्हाला बोलता येत नाही, म्हणून माया करण्याआधी आमचे काम समजून घ्या. ज्याला माझ्यावर बसून दूर जायचे आहे, त्याचा जीव माझ्या चमकण्यावर नाही, वेळेवर थांबण्यावर अवलंबून असतो.