परातीला न लागलेले हात

मी परात बोलतेय. पितळेची, चांगली रुंद, दोन मुलींनी दोन बाजूंनी धरून उचलावी लागेल एवढी. धुळ्याला पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात, मुलींचं एक जुनं वसतिगृह आहे. त्याच्या नव्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मला आज सकाळी टांगलं. ओटा नवा, फरशी नवी, नळ नवे. जुनी एवढी मीच. माझ्यावर एक छोटा दिवा सोडला आहे. त्या उजेडात मी सोन्यासारखी दिसते, असं येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणतात. मला मात्र आज या उजेडाची लाज वाटते आहे. का, ते सांगते.

माझा जन्म जळगावातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. ठोक्यावर ठोके खाऊन पत्र्याची मी परात झाले. वसतिगृहाच्या रेक्टर बाई मला घ्यायला आल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, "लग्न कुणाचं, अक्का?" बाई म्हणाल्या, "लग्न नाही. चाळीस मुली आहेत घरात." त्याने थोडे पैसे कमी केले, असं मला आठवतं.

वसतिगृहाची मेस मुलीच चालवत. वरण-भाजी स्वयंपाकाच्या मावशी करत, पण संध्याकाळच्या भाकऱ्या मुलींनी करायच्या, दोघी-दोघींनी. त्याला सगळ्या 'वार' म्हणत. आज कुणाचा वार, उद्या कुणाचा, हे महिन्याच्या सुरुवातीला स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं जाई.

हातांवरून मला मुलगी कळायची. किरण बोलण्याच्या नादात पाणी जास्त घालायची, मग पीठ घालायची, मग पुन्हा पाणी. तिच्या वाराला भाकऱ्या हमखास उरत. प्रमिला न बोलता मळायची, मनात काही असलं तर जोरात मळायची. आणि मेघा. फैजपूरकडची, केळीवाल्या मोठ्या घरातली. तिचे हात पिठात असत आणि लक्ष चाळीस मुलींवर. कुणाला ताप आहे, कुणाच्या घरून पत्र आलेलं नाही, सगळं तिला ठाऊक असे. म्हणून मुलींनी तिला मेस सेक्रेटरी केलं होतं. फळा तीच लिहायची. प्रमिला तिची सावली.

त्याच वर्षी सविता आली. दोंडाईच्याची, वडील शाळामास्तर. तिने खोलीत ट्रंक उघडली तर झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता. संध्याकाळपर्यंत बातमी स्वयंपाकघरात पोचली. कुणी मोठ्याने काही बोललं नाही. नुसती कुजबुज झाली.

पहिल्या महिन्याच्या फळ्यावर सविताचं नाव प्रमिलाच्या शेजारी होतं. तिचा वार आला. ती वेळेआधी आली, बांगड्या मागे सारल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि माझ्याकडे वळली. तेवढ्यात मेघा आत आली. आदल्या दिवशी दोन-तीन मुलींनी तिला गाठून सांगितलं होतं, की सविताच्या वाराला आम्ही जेवणार नाही. मेघाला भांडण नको होतं. कुणाचा अपमान व्हावा असंही वाटत नव्हतं. ती गोड हसून म्हणाली, "सविता, तू सायन्सची ना? प्रॅक्टिकल करून दमतेस. तुला वार नको. तू अभ्यास कर."

सविताने काही मागितलं नव्हतं. ती ओले हात तसेच धरून जरा वेळ उभी राहिली. मग प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिलाही सायन्सचीच होती, दोघी प्रयोगशाळेत एकाच टेबलावर. प्रमिलाने माझ्यात पीठ ओतलं आणि ती मळायला लागली.

मेघाला वाटलं, आपण छान निभावलं. मेस मोडली नाही, कुणी कुणाला बोललं नाही. आणि सविता तीन वर्षं तिथे जेवली. दर महिन्याला नवा फळा लागला की ती येऊन उभी राही आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचे. मग निघून जाई.

हळूहळू कारण विसरलं गेलं आणि सूट तेवढी राहिली. पुढच्या वर्षी आलेल्या मुलींना वाटायचं, ही कामचुकार आहे. "महाराणी आल्या," असं कुणीतरी पंगतीत म्हणायचं. एकदा एक मुलगी माझ्यावर वाकून, मळता मळता, चांगलं ऐकू जाईल असं बोलली, "बठ्ठ्या पोरी राबतस नि हाई नुसती बशीसन खास." सगळ्या राबतात आणि ही नुसती बसून खाते, हे ऐकायला सविता दारातच होती. तिने ताटात वाढून घेतलं आणि जेवली. प्रमिला तेव्हाही तिथे होती.

पितळेला सगळे हात सारखे. पिठालाही. पण माझ्यात मळलेल्या पिठाची भाकरी तीन वर्षं खाणारी ती एकच मुलगी, जिचा हात मला कधी लागला नाही.

मुली शिकल्या, गेल्या. पुढे गॅस आला, मग बाहेरचे डबे आले. मला कुणी मोडीत घातलं नाही, पण विचारलंही नाही. छत गळायला लागलं तेव्हा मला माळ्यावर गळतीखाली ठेवलं. कितीतरी पावसाळे मी थेंब मोजत काढले. हिरवी पडले, एका बाजूला पोचा आला.

मग दोन वर्षांपूर्वी त्यातल्या बऱ्याच जणी परत आल्या. केस पांढरे, गुडघे दुखणारे. त्यांनी फोनवर गट केला होता आणि वसतिगृह दुरुस्त करायचं ठरवलं होतं. खोल्यांतून फिरताना किरणच्या पुढ्यात छताचा पोपडा पडला. ती म्हणाली, "बघा, अजून ओळखतं आपल्याला." सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून वर्गणी सुरू झाली. कुणी साठीचा समारंभ रद्द करून ते पैसे दिले, कुणी भावांना, दिरांना मागितलं. खोल्या झाल्या, छत झालं. स्वयंपाकघर तेवढं राहिलं.

मधल्या काळात मेघा गेली. आजारपण लांबलं होतं आणि शेवटचे महिने प्रमिला तिच्याजवळ राहिली होती. परत आल्यावर प्रमिला कमी बोलायला लागली. गटात तिने एवढंच कळवलं, की स्वयंपाकघराला मेघाचं नाव द्यावं. सगळ्यांना पटलं. पण पैसे पुरत नव्हते. तेव्हा कुणीतरी सुचवलं, सविता जळगावला प्राध्यापक होती, मुलगा डॉक्टर आहे, तिला कुणी विचारलंच नाही. हे कुणी विचारायचं, यावर गट दोन दिवस मुका होता.

मग प्रमिलाने मला माळ्यावरून काढवलं. पोचा काढून, पॉलिश करून परात भिंतीवर लावू, जळगावला नेते, म्हणाली. धुळ्यात पॉलिशवाले नाहीत असं नाही. तिला जळगावला जायला निमित्त हवं होतं. किरण सोबत निघाली.

आम्ही एस.टी.ने गेलो. मी दोघींच्या गुडघ्यांवर आडवी. कंडक्टर म्हणाला, "अक्का, हिचं तिकीट लागेल." किरण म्हणाली, "बाईमाणूस आहे भाऊ, अर्धं फाडा." त्याने मला नीट पाहिलं. "वयावरून तर फुकट जाईल," म्हणाला आणि पुढे सरकला. एरंडोलपर्यंत किरण ते आठवून हसत होती. प्रमिला खिडकीबाहेर बघत होती.

पॉलिशवाल्याकडून मी चकचकीत होऊन निघाले आणि तशीच रिक्षातून सविताच्या घरी. सविताने दार उघडलं. तिने आधी त्या दोघींना पाहिलं नाही, मला पाहिलं.

चहा झाला. मुलाबाळांची चौकशी झाली. प्रमिला विषयावर येईना, तेव्हा किरणनेच सगळं सांगून टाकलं. स्वयंपाकघर, कमी पडणारे पैसे, मेघाचं नाव. सविता ऐकत होती. मग म्हणाली, "मेघा गेल्याचं कळलं होतं मला. मी नाही आले."

"तिच्या मनात वाईट नव्हतं, सविता," प्रमिला म्हणाली.

"माहीत आहे. मनात वाईट असतं तर मला भांडता आलं असतं. तिने सूट दिली. सूट मिळालेल्या माणसाने तक्रार कुठे करायची?"

किरण बशीत बघायला लागली. प्रमिलाने पदर चाचपला आणि घाईघाईने म्हणाली, की उद्घाटनाची पहिली भाकरी सविताने करावी, सगळ्यांची इच्छा आहे. अशी इच्छा कुणी बोलून दाखवलेली नव्हती. प्रमिलाला ती तिथेच, त्या खुर्चीत सुचली होती.

सविता हसली. "म्हणजे आता फोटोसाठी माझा वार."

सविता उठली, कप उचलले आणि उभ्या उभ्या म्हणाली, "नाव मेघाचंच द्या. माझ्या आजारपणात रात्रभर उशाशी बसली होती ती, तेही मी विसरले नाही. कार्यक्रमात तिच्याबद्दल तूच बोलशील ना, प्रमिला? मग सगळं बोल. अर्धं नको."

पैसे दुसऱ्याच दिवशी जमा झाले. स्वयंपाकघर पुरं होईल एवढे. अट नाही, निरोप नाही. मी तेव्हा प्रमिलाच्या घरी ओट्यावर होते. ती फोनवर किरणला म्हणाली, "अट घातली असती तर बरं झालं असतं गं."

आज तो कार्यक्रम झाला. स्पीकरचा कर्णा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच बांधला आहे, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. पहिल्या रांगेत मेघाची मुलगी आहे, आईसारखीच दिसते, असं बायका बोलत होत्या. सविता जळगावहून आली आणि मागे बसली, हेही कळलं.

प्रमिला बोलायला उभी राहिली. मेघाचं बोलणं, तिचं हसणं, आजारी मुलींसाठी तिने केलेली जागरणं, या सगळ्याबद्दल ती फार चांगलं बोलली. मेघाची मुलगी रडत असावी, कारण प्रमिला मध्येच थांबली. मग म्हणाली, "मेस चालवताना तिने कुणाला कधी दुखावलं नाही. कुणाला अभ्यासाचा ताण असला तर ती तिचा वारसुद्धा माफ करायची."

टाळ्या वाजल्या.

मी आत भिंतीवर होते म्हणून बरं. बाहेर लोकांत असते तर माझ्यात बघून कुणाला स्वतःचं तोंड दिसलं असतं. मी चकाकते आहे ती सविताच्या पैशांनी बांधलेल्या भिंतीवर, आणि तिला दिलेल्या त्याच माफीचं कौतुक मला ऐकावं लागलं.

पानं वाढायला घेतली तेव्हा सविता पाणी प्यायला आत आली. मागोमाग प्रमिला आली. सविता म्हणाली, "भाषण चांगलं झालं." आवाजात राग नव्हता. "निघते. जळगावची गाडी मिळेल."

"जेवून तरी जा."

"नको गं. इथल्या जेवणाची सवय राहिली नाही."

ती गेली. प्रमिला माझ्यासमोर उभी राहिली. माझ्यात तिला काय दिसलं कोण जाणे. मेघा दिसली असेल, शेवटच्या महिन्यांतली. मेलेल्या मैत्रिणीबद्दल राहिलेलं अर्धं बोलायचं म्हणजे तिला पुन्हा एकदा पोचवून येण्यासारखंच. प्रमिलाने डोळे पुसले नाहीत. सरळ बाहेर गेली. माइक अजून चालूच असावा, कारण खिडकीतल्या कर्ण्यातून तिचा श्वास ऐकू आला.

"जेवता जेवता ऐका," ती म्हणाली. "मी मघाशी अर्धं बोलले. सविताला वार नव्हता तो अभ्यासामुळे नव्हता. तिच्या हातची भाकरी आपल्यातल्या काहींना नको होती, म्हणून नव्हता. मेघाने ते गोड बोलून झाकलं. मी सगळं बघत होते आणि पीठ मळत होते. तिला महाराणी म्हणत तेव्हाही मी गप्प बसले. मेघा माझी जिवाची मैत्रीण होती. ती असती तर आज आम्ही दोघींनी मिळून हे सांगितलं असतं, असं मला म्हणायचं होतं. पण तेही खरं नाही. आमच्याकडे चाळीस वर्षं होती."

ताटांचा आवाज थांबला होता. "पुरे गं प्रमिला, पोरीसमोर," असं कुणीतरी म्हणालं. मेघाच्या मुलीचा आवाज काही आला नाही.

थोड्या वेळाने किरण आत आली. प्रमिला ओट्याला टेकून उभी होती. किरण म्हणाली, "फाटकात थांबली होती ती. शेवटपर्यंत ऐकलं. मग रिक्षा केली."

"काही बोलली?"

"नाही."

आता त्याही गेल्या आहेत. बाहेर खुर्च्या गोळा करण्याचा आवाज येतो आहे आणि माझ्यावरचा दिवा कुणी बंद केलेला नाही.

उद्यापासून इथे नव्या मुली येतील, कुठून कुठून. मुलींनो, मला शोभेला ठेवू नका. हा खिळा काढा, मला खाली घ्या, पीठ ओता. पाणी जास्त झालं तरी चालेल, भाकऱ्या उरल्या तरी चालतील. फक्त फळा लिहाल तेव्हा सगळ्यांची नावं लिहा. आणि कुणी तुमच्यातल्या एकीला मायेने काम माफ करायला लागलं, तर पीठ मळायचं जरा थांबवा आणि तिला विचारा, की तुला हे हवं आहे का. मला विचारता आलं नाही. मी भांडं आहे.